माशाच्या डोळ्यासाठी बांधलेली माशी

गळाला गांडूळ, कोळंबी किंवा पिठाची गोळी न लावता त्या गळावरच पिसे, केस, लोकर आणि दोरा आवळून एखाद्या कीटकाचा आभास निर्माण करायचा आणि त्या आभासावर मासा पकडायचा, या पद्धतीला ‘फ्लाय फिशिंग’ असे नाव आहे. आणि तो आभास हाताने घडवण्याच्या कामाला ‘फ्लाय टाइंग’, म्हणजे माशी बांधणे, असे म्हणतात. यातला ‘माशी’ हा शब्द ढोबळ अर्थानेच घ्यावा लागतो, कारण त्यात पाण्यावर तरंगणारे पंखवाले कीटक येतात, दगडाखाली राहणाऱ्या त्यांच्या अळ्या येतात, मुंग्या, नाकतोडे व बारीक मासोळ्या येतात, आणि निसर्गात कशाशीही न जुळणाऱ्या रंगीबेरंगी आकृत्याही येतात. नेहमीच्या गळात शिशाचे वजन दोरी दूर नेते; येथे मात्र आमिष जवळजवळ वजनरहित असल्यामुळे जाड, वजनदार दोरीच फेकली जाते आणि तिच्यामागोमाग माशी जाते, म्हणून ही माशी हलकी, टिकाऊ आणि प्रमाणबद्ध असावी लागते. ज्याला हा छंद नव्याने लावून घ्यायचा असेल त्याच्यासमोर पहिल्या दिवसापासून एक प्रश्न उभा असतो, तो म्हणजे ही माशी नेमकी कोणाच्या डोळ्यांसाठी बांधायची, माणसाच्या की माशाच्या. या कलेचा सगळा इतिहास त्या प्रश्नाभोवती फिरलेला दिसतो, आणि नवशिक्याच्या टेबलावरची प्रत्येक अडचण शेवटी तेथेच येऊन थांबते.

खोट्या माशीची गरज का पडली याचे सर्वात जुने स्पष्टीकरण सुमारे 1800 वर्षांपूर्वीचे आहे. ग्रीक भाषेत लिहिणारा रोमन लेखक एलियन याने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात मॅसिडोनियातल्या अॅस्ट्रेअस नदीवरच्या मच्छीमारांची हकिगत दिली आहे. त्या नदीतले ठिपकेदार मासे पाण्यावर येणारी एक विशिष्ट माशी खात, पण ती माशी माणसाचा हात लागताच रंग गमावते व तिचे पंख कोमेजतात, त्यामुळे ती गळाला लावणे निरुपयोगी ठरते, असे तो सांगतो. म्हणून तेथील लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळत आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवत. लोकर, पीस आणि गळ या तिन्ही गोष्टी आजही त्याच जागी आहेत. खरी वस्तू हाताळता येत नाही म्हणून तिची प्रतिमा करावी लागली, ही या कलेची जन्मकथा लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे अनेक शतके माणसे ती विसरत आणि पुन्हा आठवत आली आहेत.

इंग्लंडमध्ये 1496 साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाने मासे धरण्यावरचा एक प्रबंध छापला. परंपरेने तो डेम ज्युलियाना बर्नर्स या संन्यासिनीच्या नावावर आहे, आणि त्यात 12 माश्यांची कृती महिन्यांच्या क्रमाने दिली आहे. आयझॅक वॉल्टनच्या 1653 च्या प्रसिद्ध पुस्तकाला 1676 च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटन याने जोडलेला भाग त्याहून पुष्कळ तपशीलवार आहे. डर्बीशायरमधल्या डव्ह नदीकाठी राहणाऱ्या या गृहस्थाने वर्षभरातल्या माश्यांची जी यादी केली ती स्वयंपाकघरातल्या पाककृतीसारखी वाचता येते: अमुक प्राण्याच्या अमुक जागचा केस, अमुक रंगाचे रेशीम, अमुक पक्ष्याच्या पंखाचा तुकडा. आजच्या नवशिक्याच्या हाती पडणारी कृतीही याच साच्यातली असते, फक्त तिच्याबरोबर चित्रफीत असते.

मेफ्लाय या कीटकाचे आयुष्य समजल्याशिवाय या यादीतला फरक समजत नाही. हा कीटक बहुतेक आयुष्य ‘निम्फ’ म्हणून, म्हणजे पंख न फुटलेल्या अवस्थेत, नदीच्या तळाशी काढतो. मग एखाद्या दिवशी तो पृष्ठभागाकडे येतो, तेथे त्याची कात फाटते आणि धुरकट पंखांचा कीटक बाहेर पडतो, ज्याला इंग्रज मच्छीमार ‘डन’ म्हणतात. हा डन झाडाझुडपांत जाऊन पुन्हा एकदा कात टाकतो आणि काचेसारख्या पंखांचा ‘स्पिनर’ होतो. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा कीटकवर्ग हा एवढाच. प्रौढ अवस्थेत त्याला खाण्यासाठी कामाचे तोंडही नसते. काही तासांत किंवा दिवस-दोन दिवसांत जोडी जुळवून, अंडी घालून तो पाण्यावर मरून पडतो. मासा यातली कोणती अवस्था खातो आहे हे ओळखून तीच बांधणे, हे एका अर्थाने या छंदाचे सगळे शास्त्र आहे. आणि म्हणूनच टेबलाशी बसण्याआधी नदीतला एखादा दगड उलटून त्याच्या खालच्या बाजूला काय चिकटले आहे हे पाहणे, हा नवशिक्याचा पहिला धडा असायला हवा.

फ्रेडरिक हॅलफर्ड याने 1886 मध्ये तरंगत्या माश्यांवर जे पुस्तक लिहिले त्यात डन आणि स्पिनर यांच्या प्रतिकृतींना जवळजवळ धर्मग्रंथाचे स्थान दिले. दक्षिण इंग्लंडमधल्या टेस्ट आणि इचन या नद्या खडूच्या खडकातून झिरपणाऱ्या पाण्यावर वाहतात, त्यामुळे त्यांचे पाणी नितळ व प्रवाह संथ असतो, मासा दिसतो आणि माशालाही सगळे दिसते. अशा पाण्यात हॅलफर्डच्या काटेकोर नकलांना अर्थ होता. 1890 मध्ये त्याने अमेरिकेतल्या थिओडोर गॉर्डन याला आपल्या माश्यांचे नमुने पाठवले, पण गॉर्डनच्या कॅट्सकिल पर्वतातल्या नद्या खळाळत्या होत्या आणि तेथले कीटकही वेगळे होते, त्यामुळे गॉर्डनने ते नमुने तसेच न उचलता जास्त ताठ पिसांच्या, उंच तरंगणाऱ्या माश्या स्वतः घडवल्या. इकडे इचनवरच मासे धरणाऱ्या जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलाला असे आढळले की पाण्यावर तरंग उठवणारा मासा पुष्कळदा तरंगणारा कीटक खातच नसतो, तर पृष्ठभागाच्या किंचित खाली अडकलेला निम्फ टिपत असतो. 1910 च्या पुस्तकात त्याने हे मांडले, आणि निम्फ वापरणे खिलाडूपणाचे आहे की नाही यावर इंग्लंडमध्ये इतका दीर्घ वाद चालला की 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होता. स्क्यूजची बाजू निर्विवाद बरोबर होती असे आज म्हणता येते, आणि ती बरोबर असण्याचे कारण एवढेच की त्याने काय शोभते हे विचारण्याआधी मासा काय करतो आहे हे पाहिले.

मासा काय पाहतो हा प्रश्न प्रकाशशास्त्राचाही आहे. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे पाण्याखालच्या डोळ्याला वरचे सगळे जग, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, सुमारे 97 अंशांच्या शंकूत आवळलेले दिसते. पृष्ठभागावर त्याची एक गोल खिडकी तयार होते आणि त्या खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा तळाचेच प्रतिबिंब दाखवतो. मासा 30 सेंटिमीटर खोल असेल तर ही खिडकी साधारण 68 सेंटिमीटर रुंद असते. वाहत येणारी माशी आधी या आरशावर येते, तेव्हा तिचे अंग दिसत नाही, फक्त तिच्या पायांनी पाण्याच्या ताणलेल्या पापुद्र्यावर पाडलेल्या खळ्या प्रकाशाचे ठिपके होऊन चमकतात. मग खिडकीच्या कडेशी पंखांची टोके दिसू लागतात आणि अखेरीस पूर्ण कीटक दिसतो. द्रौपदीच्या स्वयंवरात अर्जुनाने पाण्यात पाहून वरच्या माशाचा डोळा टिपला. येथे मासा पाण्यातून वर पाहतो आणि वेध त्याच्या नजरेचा घ्यावा लागतो. हार्डिंग या कर्नलने 1931 मध्ये या दृष्टिकोनावरच संपूर्ण पुस्तक लिहिले, आणि त्याआधी 1924 मध्ये जे. डब्ल्यू. डन या विमानरचनाकाराने गळाची दांडी पांढरी रंगवून तिच्यावर कृत्रिम रेशीम गुंडाळायचे व ते तेलाने पारदर्शक करायचे, अशी युक्ती सुचवली, कारण खऱ्या कीटकाच्या अंगातून सूर्यप्रकाश आरपार जातो आणि लोखंडावर बांधलेल्या माशीतून तो जात नाही. कोंबड्याच्या मानेचे पीस गळाभोवती गोल गुंडाळले की त्याचे ताठ तंतू चहूबाजूंनी उभे राहतात. याला ‘हॅकल’ म्हणतात, आणि आरशावर खळ्या पाडण्याचे काम तेच करते. माणसाला ते कीटकाच्या पायांसारखे मुळीच दिसत नाही. माशाला दिसते, हे त्याचे समर्थन पुरेसे आहे.

इतक्या विवेचनानंतर टेबलाकडे वळता येते. सुरुवातीला लागणारी हत्यारे थोडी असतात: गळ पकडून ठेवणारा ‘व्हाइस’, जो कारखान्यातल्या व्हाइसचेच नाजूक रूप असतो; दोऱ्याची रिळी धरून तिच्या नळीतून दोरा ताणात ठेवणारा ‘बॉबिन’; बारीक टोकाची धारदार कात्री; पिसाचे टोक धरायचा चिमटा; आणि शेवटची गाठ मारायचे एक वाकडे तारेचे साधन. गळाचे क्रमांक उलटे चालतात, म्हणजे 8 क्रमांकाचा गळ मोठा आणि 18 क्रमांकाचा बारीक, ही गोष्ट नवशिक्याला थोडा काळ गोंधळात टाकते. या कामात गाठी जवळजवळ नसतातच; सगळी वस्तू ताणलेल्या दोऱ्याच्या वेढ्यांवर उभी राहते, आणि दोरा तुटण्याच्या किंचित अलीकडचा ताण बोटांना कळू लागणे हे खरे शिक्षण असते. पीस किंवा केसांचा झुपका दांडीच्या माथ्यावर बसवताना दोरा त्याला आपल्याबरोबर पलीकडे ओढून नेतो, म्हणून तो झुपका अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून, चिमटीच्या आतच दोऱ्याचा सैल वेढा घालून मग तो सरळ खाली आवळावा लागतो. ही एक हालचाल जमली की पुढचा बराच मार्ग मोकळा होतो.

पहिली माशी म्हणून ‘वुली बगर’ या मोठ्या, बुडणाऱ्या माशीची शिफारस सर्वत्र केली जाते आणि ती योग्यच आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग याने 1967 मध्ये ती बांधली. 8 क्रमांकाच्या लांब दांडीच्या गळावर टर्कीच्या मऊ पिसांची शेपटी, शेनीलचे म्हणजे मखमली धाग्याचे अंग, आणि त्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवलेले कोंबड्याचे एक पीस, एवढेच तिचे साहित्य असते. कोरडी असताना ती एखाद्या ओबडधोबड सुरवंटासारखी दिसते, पण पाण्यात ओढली की शेपटी श्वास घेतल्यासारखी हलते, आणि ती जळू आहे, मासोळी आहे की पाणकीटकाची अळी, हे मासा आपल्या भुकेप्रमाणे ठरवतो. नवशिक्याने हीच माशी एका बैठकीत एक आणि दुसऱ्या बैठकीत वेगळी असे न करता, एकाच आकाराच्या डझनभर सलग बांधाव्यात, कारण बारावी माशी पहिलीच्या शेजारी ठेवल्यावर जे दिसते ते कोणत्याही पुस्तकातून दिसत नाही. बहुतेक वेळा दिसतो तो एकच दोष: अंग पुढे सरकत सरकत गळाच्या नेढ्यापर्यंत येते, डोके बांधायला जागा उरत नाही आणि नेढ्यात दोरी ओवता येत नाही. याचा उपाय पुढच्या टोकाला नाही, मागच्या टोकाला आहे. शेपटी बांधतानाच किती जागा राखायची हे ठरवावे लागते. तरंगणाऱ्या माशीत शेपटी दांडीइतकी आणि हॅकलचे तंतू गळाच्या उघड्या तोंडाच्या दीडपट ते दुप्पट, ही प्रमाणे कारागिरांनी ठरवली ती दिसण्यापेक्षा माशी पाण्यावर सरळ बसावी म्हणून, आणि ती मोडली की माशी तोंडावर आपटते किंवा आडवी होते.

साध्या साहित्यातून किती साधता येते याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे फ्रँक सॉयर याचा ‘फेझंट टेल’ निम्फ. सॉयर हा विल्टशायरमधल्या एव्हन नदीचा राखणदार होता, आयुष्यभर नदीत उभा राहून त्याने निम्फ पाहिले होते, आणि 1958 च्या पुस्तकात त्याने सांगितलेल्या या माशीत फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे चार तंतू व तांब्याची केसासारखी तार यांशिवाय काहीही नाही. दोराही नाही, तार बांधण्याचे काम करते आणि तीच वजनही देते, म्हणून माशी लगेच खाली जाते. त्याने पाय मुद्दाम गाळले, कारण पोहणारा निम्फ पाय अंगाशी दुमडून घेतो हे त्याने पाहिले होते. गाळलेल्या पायांमागे इतके निरीक्षण असलेली दुसरी कलाकृती सहज आठवत नाही.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर ब्रोराजवळच्या एका लहान घरात अनेक दशके माश्या बांधणाऱ्या मेगन बॉइड (1915–2001) यांची शिकण्याची पद्धत नवशिक्यांना आजही उपयोगी पडावी. त्यांना शिकवणाऱ्या राखणदाराने बांधलेल्या माश्या उसवून त्याच पुन्हा अधिक लहान गळावर बांधायला लावल्या, म्हणजे मांडणी उलट्या क्रमाने हातात आली आणि प्रमाण आपोआप आवळत गेले. त्यांच्या गिऱ्हाइकांत तेव्हाचे राजपुत्र चार्ल्स होते, 1971 मध्ये त्यांना ब्रिटिश एम्पायर पदक मिळाले, आणि तरी स्वतः त्यांनी मासेमारी केली नाही. जो डोळा फसवायचा त्याच्याशी थेट संबंध न ठेवता इतकी अचूकता साधणे ही विलक्षण गोष्ट आहे. बोटांना काम आणि मनाला एका बिंदूवर टिकून राहण्याची सवय देणाऱ्या या छंदाचा उपयोग उपचारासाठीही झाला आहे: अमेरिकेत जखमी सैनिकांसाठी 2005 मध्ये वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ या उपक्रमात माशी बांधणे हा शिकवण्याचा एक मुख्य भाग आहे.

बॉइड ज्या सामन माशासाठी बांधत, तो अटलांटिक सामन समुद्रातून नदीत अंडी घालायला येतो तेव्हा खाणे जवळजवळ थांबवतो. त्यामुळे तो माशीवर का झडप घालतो याचे खात्रीचे उत्तर नाही, आणि या रिकाम्या जागेत व्हिक्टोरियन काळातल्या माणसाच्या डोळ्याने स्वतःचे राज्य उभारले. जॉर्ज केल्सन याच्या 1895 च्या ग्रंथात सामन माश्यांसाठी टूकन, कोटिंगा, माळढोक वर्गातले पक्षी अशा जगभरच्या पक्ष्यांची पिसे सांगितली आहेत, आणि त्यांतले ‘इंडियन क्रो’ हे नाव तर निव्वळ व्यापारी आहे, कारण तो तांबड्या गळ्याचा पक्षी दक्षिण अमेरिकेतला आहे, भारतातला नाही. या माश्या सुंदर असतात हे नाकारता येत नाही. पण काळ्या केसांच्या साध्या माशीवरही सामन तितकाच येतो, आणि ही गोष्ट बांधणाऱ्यांना ठाऊक असते. सौंदर्याच्या या ओढीचे टोक जून 2009 मध्ये दिसले, जेव्हा एडविन रिस्ट हा माश्या बांधण्यात निष्णात असलेला तरुण बासरीवादक इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयाच्या पक्षिसंग्रहात शिरला आणि 299 पक्ष्यांची पेंढा भरून जतन केलेली कातडी घेऊन गेला. त्यांत निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने जमवलेले नमुनेही होते. 2011 मध्ये त्याला तहकूब ठेवलेली शिक्षा झाली. पुष्कळ कातडी परत मिळाली, पण अनेकांच्या पायांच्या चिठ्ठ्या कापून टाकलेल्या होत्या, आणि कोठे व केव्हा मिळाला हे न कळणारा नमुना विज्ञानाच्या दृष्टीने जवळजवळ मुका होतो.

सामन माश्यांसाठी मागवल्या जाणाऱ्या पिसांच्या यादीत सह्याद्रीचाही एक रहिवासी आहे. केल्सनच्या काळापासून इंग्रजीत ‘जंगल कॉक’ म्हणून मागवले जाणारे पीस हे राखी रानकोंबड्याच्या मानेचे, ज्याची बांग पश्चिम घाटातल्या गावांना पहाटे ऐकू येते. त्या मानेच्या प्रत्येक पिसावर पांढरट-पिवळा, मेणाचा थेंब गोठल्यासारखा चकचकीत ठिपका असतो आणि तो माशीच्या डोक्याशी बसवला की हुबेहूब डोळा दिसतो. शेकडो पारंपरिक कृतींत तो आहे. पिसांच्या निर्यातीवर 1902 मध्ये ब्रिटिश सरकारने बंदी घातली तरी व्यापार पुढेही होत राहिला, आणि आता 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या पक्ष्याला मारणे व त्याच्या पिसांचा व्यापार करणे गुन्हा आहे. युरोपात हा पक्षी पाळून वाढवला जातो आणि तेथल्या हौशींची गरज त्यावर भागते. भारतातल्या नवशिक्याने मात्र रानातून सापडलेले पीसही उचलून डबीत ठेवू नये, आणि त्याला त्याची गरजही नाही. पाळीव कोंबडीचे पीस खाटकाकडे फेकलेले असते, मेंढीची लोकर आणि बोकडाचे केस स्वस्त असतात, पाश्चात्त्य कृतींत अंगावर फिरवायला सांगितलेली ‘टिन्सेल’ म्हणजे चमकदार धातूची पट्टी ही पैठणीच्या काठपदरातल्या जरीहून वेगळी नाही, आणि मोराच्या पिसाचे हिरवट तंतू जेथे सांगितले असतील तेथे पिंजलेली गडद लोकर बहुधा चालून जाते.

कोंबड्याच्या बाबतीत पश्चिमेने जे केले तेही सांगितले पाहिजे. कोलोरॅडोमधल्या डेल्टा येथील व्हायटिंग फार्म्सने 1989 मध्ये हेन्री हॉफमन या पैदासकाराचे कोंबड्यांचे वंश मिळवले आणि केवळ पिसांसाठी निवड करत अशा जाती घडवल्या की त्यांच्या मानेचे एकच पीस अनेक बारीक माश्यांना पुरते. 2011 मध्ये केसांत पिसे माळण्याची फॅशन अमेरिकेत आली तेव्हा हीच पिसे केशरचनाकारांनी उचलली, दुकाने रिकामी झाली आणि भाव अवाच्या सवा चढले. ज्यांनी साधी पिसे वापरण्याची सवय ठेवली होती त्यांचे काम त्या वर्षी थांबले नाही.

भारतात माशी फेकायची कोठे, हा पुढचा प्रश्न. काश्मीरच्या नद्यांत ब्राउन ट्राउट 1900 च्या सुमारास स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून वाढला, आणि निलगिरीतही विसाव्या शतकाच्या आरंभी ट्राउट आणला गेला. हे दोन्ही परके मासे आहेत, हे विसरू नये. देशी पाण्यातला मानाचा मासा महसीर. मद्रास प्रांतातला अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहिले तेव्हापासून इंग्रजी वाचकांना त्याची ओढ आहे. पण गळाचा विचार या भूमीत त्याहून फार जुना: कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद हा स्वतंत्र भाग गळाने मासे धरण्यावर आहे. लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरची पिले वाढवली जातात, महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून ते जपले जातात, आणि कावेरीतला कुबडाचा महसीर 2018 पासून अतिसंकटग्रस्त ठरला आहे. अशा पाण्यात गळाचा काटेरी दात पक्कडीने दाबून सपाट करणे आणि धरलेला मासा ओल्या हातांनी तत्काळ सोडणे, हे नियम असोत वा नसोत, पाळायलाच हवे. आणि जेथे स्थानिक परवानगी नाही तेथे दोरी टाकू नये.

माशाच्या तोंडातून सुटून आलेली माशी बहुधा विस्कटलेली असते: शेपटीचे निम्मे तंतू गेलेले, हॅकल एका बाजूला वळलेले, अंगाची लोकर उसवून फुगलेली. नवशिका तिला टाकून देतो. जुना कारागीर तिला वाळवून पुन्हा व्हाइसमध्ये लावतो आणि काय गळले, काय टिकले हे भिंगातून पाहतो, कारण तीच माशी त्या दिवशी नव्या कोऱ्या माशीपेक्षा जास्त वेळा घेतली गेली असण्याचा संभव असतो. मग तो पुढच्या माशीच्या अंगातली लोकर थोडी कमी पिळतो, तिचे तंतू सुईने बाहेर ओढून मोकळे सोडतो, आणि दोऱ्याला शेवटचे वेढे देऊन डोक्यावर लाखेचा एक थेंब ठेवतो.